बिबेटोल्याचं क्षेत्रफळ

क्षेत्रफळ म्हणजे काय, हे बिबेटोल्याच्या उदाराम मास्तरांना ठाऊक नव्हतं. यात त्यांचा फार मोठा गुन्हा होता असं नाही. गावात ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून आजवर कुणाचं अडलंही नव्हतं. पंचाईत एवढीच, की ठाऊक नसलेली गोष्ट शिकवायचा हुकूम एकट्या मास्तरांनाच आला होता.

हुकूम डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या कचेरीतून गोरेगावमार्गे आला. 'शेतकऱ्यांच्या मुलांस शेतीच्या उपयोगाचे ज्ञान मिळावे या हेतूने इयत्ता चौथीची भूमापन या विषयात परीक्षा घेण्यात येईल. डिप्टी साहेब वैशाख वद्य पंचमीस येतील.' इथवर ठीक होतं. पण खाली वेगळ्या शाईत एक ओळ होती : 'तात्पुरत्या शिक्षकाच्या कायम नेमणुकीचा विचार याच तपासणीवरून होईल.'

ही ओळ मास्तरांनी पुन्हा पुन्हा वाचली. चार वर्षं ते 'कच्चे' मास्तर होते. कच्च्या मास्तराला उन्हाळ्याच्या सुटीत घरी बसवलं, की पावसाळ्यात परत बोलावतीलच याचा नेम नसे. बायको शामकला त्या धास्तीने अंगणात साधा वालाचा वेल लावत नव्हती. "लावू मी आन शेंगा खाईन दुसरा मास्तर," म्हणायची. मास्तरांना पक्कं व्हायचं होतं. या जगात त्यांना दुसरं काहीही नको होतं, आणि हे मी त्यांच्या बाजूने शपथेवर सांगायला तयार आहे.

भूमापन हा धडा गणिताच्या पुस्तकात सगळ्यात शेवटी होता. तिथवर बिबेटोल्याची चौथी आजवर कधी पोचलीच नव्हती. चैत्र लागला की अर्धा वर्ग पहाटेपासून मोहफुलं वेचायला रानात जायचा, उरलेला अर्धा त्यांना शोधायला जायचा, आणि मास्तर फळ्यावर 'त्रैराशिक' लिहून खिडकीतून बाहेर बघत बसायचे. त्यामुळे शेवटचा धडा चार वर्षं कुणी उघडला नव्हता. तो उघडला होता फक्त उदईने, म्हणजे वाळवीने.

आणि उदईने काय नेमकं खाल्लं होतं म्हणता! धड्याचं नाव शाबूत. पहिलं उदाहरण शाबूत : 'एका अंगणाची लांबी चार हात व रुंदी चार हात आहे, तर क्षेत्रफळ काढा.' त्याखाली जिथे रीत दिली असावी तिथे एक लांबलचक भोक, त्यातून आरपार शाळेची भिंत दिसत होती. पुढची पाच पानं तर पिठासारखी खाली सांडली. पुस्तकाच्या अखेरीस उत्तरांची यादी होती, तीही कुरतडलेली. पण पहिल्या उदाहरणाचं उत्तर देवाच्या दयेने वाचलं होतं : सोळा.

मास्तर दोन दिवस त्या सोळाकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. अंगणाच्या चार बाजू. प्रत्येक बाजू चार हात. चार अन् चार आठ, आठ अन् चार बारा, बारा अन् चार सोळा! मास्तरांनी तीन वेळा बेरीज केली. तिन्ही वेळा सोळाच आले. रीत सापडली होती, आणि ती इतकी सोपी होती की असल्या फालतू धड्याला आपण चार वर्षं भ्यालो याचं त्यांना हसू आलं.

"शामकला, भूमापन म्हणजे काईच नाई वं!" ते घरात शिरताशिरता ओरडले. "चारी बाजूनं दोर फिरवाचा, हात मोजाचे, झालं क्षेत्रफळ!"

"एवढं सोपं असन तं पुस्तकात कायले छापतीन?" शामकला चुलीपुढून म्हणाली. पण मास्तर ऐकण्याच्या पलीकडे गेले होते.

एवढं मात्र कबूल केलं पाहिजे, की उदाराम मास्तरांनी त्या वर्षी जसं शिकवलं तसं त्यांनी आयुष्यात शिकवलं नव्हतं. आपल्याला कळलंय अशी खात्री असली की माणसाच्या आवाजाला कशी धार येते! त्यांनी वीस हाती दोर आणवला, दर हातावर गाठ मारली, आणि चौथीच्या अकरा पोरांना घेऊन शाळा मोजली, विहिरीचा कट्टा मोजला, मारुतीचा पार मोजला. मोहफुलं वेचायला गेलेली पोरं मोहफुलं टाकून आली. आणि शनिवारी सुटताना मास्तरांनी घरचा अभ्यास दिला : प्रत्येकाने आपल्या बापाच्या बांधीचं क्षेत्रफळ काढून आणावं.

बांधी म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, आखलेला धानाचा तुकडा. बिबेटोल्यात बांधी मोजायची म्हणजे त्यात किती कुडो बी पडतं ते सांगायचं. 'ही दोन कुडोची, ती तीन कुडोची' असं आजोबाच्या आजोबापासून चालत आलेलं. मास्तरांनी पोरांना बजावलं होतं, "कुडो-बिडो अडाणी लोकांचा हिसाब हाये. आपन शास्त्रानं मोजाचं."

शास्त्राने पहिला दणका दिला तो सुखराम आणि मनिराम या सख्ख्या भावांना. दोघांची मागच्याच वर्षी वाटणी झाली होती. दोन बांध्या, दोन्ही दोन-दोन कुडोच्या, कुणाला कमी नाही की जास्त नाही. सुखरामची चौकोनी, ऐंशी हात बाय ऐंशी हात. मनिरामची लांबोडकी, एकशेसाठ हात लांब, चाळीस रुंद. सुखरामच्या भोजराजने दोन्ही मोजल्या आणि जेवताना बापाला सांगितलं, "बाबा, आपली तीनशेवीस हात हाये. काकाची चारशे भरली."

सुखरामने हातातला घास ताटात टाकला. "ऐंशी हात जास्त? माझ्याच नाकाखाली?"

सकाळी दोघे भाऊ एकमेकांची धोतरं धरून शाळेपुढे आले. मास्तर स्वतः दोर घेऊन गेले, स्वतः गाठी मोजल्या, आणि भर उन्हात त्यांनी निकाल दिला की भोजराजचं गणित बिलकुल बरोबर आहे.

"पन मास्तर, बी तं दोघाईले सारखंच लागते!" मनिराम काकुळतीला आला. "दोन कुडो त्याले, दोन कुडो मले!"

"बी म्हंजे शास्त्र नाई, मनिराम," मास्तर म्हणाले. "तू पातळ पेरत असशीन."

मनिरामला आपण गेल्या वर्षी पातळ पेरलं की काय असं खरंच वाटू लागलं. भांडण दुपारपर्यंत पेटत गेलं आणि बायकाही त्यात पडल्या. तोड शेवटी दुलीचंदने काढली. हा दुलीचंद त्यांच्या शेजारचा शेतकरी, हुशार म्हणून गावात मान्यता पावलेला. तो बराच वेळ दोघांमधल्या सामाईक धुऱ्याकडे बघत होता.

"हा धुरा सरका हाये म्हून भांडन होऊन रायलं," तो म्हणाला. "याले वाकडा करा."

"वाकडा करून काय होईन?"

"दोर जास्त लागन ना, बाप्पा!"

आणि खरोखर लागला. सुखरामच्या बांधीत दहा हात आत जाणारी एक खाच पाडली आणि धुरा त्या खाचेच्या कडेने वळवून नेला. सुखरामची बांधी मोजली : वीस हातांनी वाढली. मग मनिरामची मोजली. तीही वीस हातांनी वाढली! कारण धुरा एकच, आणि दोर दोघांच्याही बाजूने त्याच खाचेत शिरून बाहेर येत होता. अशा आणखी चार खाचा पाडल्या, मनिरामने पलीकडच्या टोकाचं थोडं सुखरामला सोडलं, आणि संध्याकाळी एका भावाने दुसऱ्याला चिलीम दिली.

ही बातमी गावात पसरायला कितीसा वेळ लागणार? आजवर धुऱ्यावरून बिबेटोल्यात डोकी फुटली होती. आता शेजाऱ्याशेजाऱ्यांत अशी माया उतू जाऊ लागली की विचारू नका. रोज सकाळी कुदळी घेऊन लोक जोडीजोडीने शेतावर जात, सरळ धुरा फोडत, आणि नागमोडी घालत. जितकी नागमोड तितकी दोघांची जमीन मोठी. नुकसान कुणाचंच नाही! दुलीचंदने आपली तीनशे हातांची बांधी आठ दिवसांत सहाशेवर नेली. तिच्यात आता बैलजोडी वळायला जागा राहिली नव्हती, पण शास्त्राप्रमाणे ती गावातली सगळ्यात मोठी बांधी होती. गावचा पटवारी तेवढ्यात पोरीच्या लग्नासाठी बालाघाटकडे गेला होता, नाहीतर त्याने तिथेच साखळी टाकून संन्यास घेतला असता.

उदाराम मास्तर रस्त्याने निघाले की लोक उठून उभे राहत. "मास्तर, तुमच्यासारखा मास्तर झाला नाई," म्हणत. मास्तरांनी एकदोनदा नम्रपणे मान खाली घातली, पण ती लगेच वर यायची.

मग या धंद्यात गावचे मालगुजार केशोराव पाटील उतरले. मालगुजार म्हणजे गावचा मालक, शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष, आणि कुणाचं काही वाढलं की रात्री झोप न येणारा माणूस. त्यांची तळ्याखालची बांधी, शंभर हात बाय शंभर हात, गावात नंबर एकची. पाणी कधी आटत नसे. चारी बाजूंनी मोजली तर चारशे हात. आणि तळ्याच्या पाळीच्या पायथ्याशी मंदाबाई नावाच्या एका विधवेचा एक पट्टा होता. अडीचशे हात लांब, सहा हात रुंद. त्यात अर्धा कुडो बी पडायचं, नांगर एकदा गेला की परत यायला त्याला लाजच वाटायची. पण तिच्या पट्ट्याचा दोर भरला पाचशेबारा.

"त्या मंदीची माझ्याहून एकशेबारा हात जास्त?" पाटलांनी मास्तरांना वाड्यावर बोलावून विचारलं. "तुमी नीट मोजलं का जी?"

"पाटील, गनित कोनाचं तोंड पायत नाई," मास्तर म्हणाले.

पाटलांनी मंदाबाईला बोलावलं. ती पदर सावरून ओट्याखाली उभी राहिली. पाटलांनी घसा साफ केला आणि अगदी उपकार केल्याच्या आवाजात म्हणाले, "मंदाबाई, तुले एकटीले एवढा मोठा पट्टा झेपते का वं? माझी चारशे हात घे, तुझी मले दे. वरचे एकशेबारा हात तू धर्मादाय समज."

मंदाबाईने खाली बघितलं. आयुष्यभर ती दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणं करत आली होती. कुठल्या बांधीत किती रोपाच्या पेंड्या लागतात हे तिच्या कमरेला पाठ होतं. "मले चालते, जी," ती म्हणाली. "तुमी मोठे मानूस, म्हून देऊन रायली."

दुसऱ्या दिवशी पंच बसले, खुंट्या गाडल्या, अदलाबदल झाली. पाटलांनी पेढे वाटले. मंदाबाई तशीच नव्या बांधीवर गेली आणि कचरा वेचायला लागली.

तपासणीला एक दिवस उरला तेव्हा मास्तर दुपारी जेवायला घरी आले. अंगणात शामकलाने उकडलेलं धान वाळत घातलं होतं. कोपऱ्यात शाळेचा तो गाठींचा दोर टांगला होता.

"का जी," शामकला म्हणाली, "मंदाबाई विहिरीवर भेटली होती. म्हने, आता मी तीन कुडो धान पेरीन. आन पाटलाच्या नव्या पट्ट्यात अर्धा कुडोच मावते. मंग पाटलाची जमीन मोठी कशी झाली?"

"अवं, ते दोरानं..."

"थांबा." तिने दोर घेतला, चार हातांवर गाठ मारली आणि अंगणात त्याचं गोल कडं टाकलं. त्यात वाळलेलं धान ओतलं, हाताने सारखं केलं. कडं काठोकाठ भरलं. मग तिने कडं दोन्हीकडून धरलं आणि ओढून लांब केलं. दोराच्या दोन्ही बाजू जवळजवळ आल्या आणि धान भराभर दोराबाहेर गेलं.

"दोर तोच हाये ना?" शामकलाने विचारलं. "गाठी तेवढ्याच हायेत ना? मंग धान कोठी गेलं?"

मास्तर खाली बसले. त्यांनी दोर पुन्हा गोल केला. पुन्हा लांब केला. मग पुन्हा गोल केला. शेवटी तो इतका लांब झाला की आत एक दाणा उरला नाही, आणि दोर मात्र होता तेवढाच. सगळ्या गावात खणलेल्या खाचा, वळायला जागा नसलेले बैल, पाटलांचे पेढे, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून एकदम गेलं.

"पन सोळा आले होते वं," ते क्षीण आवाजात म्हणाले. "चार चोक सोळा... अरे बाप्पा! चार चोक! गुनाकार होता तो!"

"आता पावसाच्या आधी धुरे सरके करा म्हना, नाईतं बैलं मरतीन," शामकला म्हणाली. ती रागावली नव्हती, ते मास्तरांना आणखी लागलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपली लाज वाटली. न शिकवल्याची कधी वाटली नव्हती, ती आता जीव तोडून शिकवल्याची वाटत होती.

ते तसेच पोरांच्या घरी गेले, चौथीला शाळेत गोळा केलं आणि फळ्यापुढे उभे राहिले.

"पोट्टेहो, आपन शिकलो ते चूक हाये. लांबीनं रुंदीले गुनाचं."

मग भोजराज उठला. "गुरुजी, तुमी पयले सांगतलं ते खरं का आज सांगता ते खरं?"

"आजचं खरं."

"आन उद्याचं?"

पोरं घरी गेली आणि अर्ध्या तासात बाप शाळेच्या दारात आले. सुखराम, मनिराम, दुलीचंद, आणखी आठ-दहा जण, हातात अजून कुदळी होत्या.

"मास्तर, आता कायले बदलून रायले?" दुलीचंद ओरडला. "सहाशे हात केले मी! आठ दिवस खनलं! आता तुमी म्हनता जमीन कमी झाली?"

"आमा भावाभावात बोलनं सुरू झालं, ते तुमाले पायवत नाई का?" सुखरामने विचारलं. आणि मनिराम, ज्याचा आधी दावा होता की बी सारखंच लागतं, त्याने सगळ्यात मोठ्याने मान हलवली.

पाटलांना तर हे सांगायची मास्तरांची छातीच झाली नाही.

पंचमीला सकाळी डिप्टी साहेबांची बैलांची दमणी आली. साहेब अंगाने भरलेले, डोक्याला मोठा फेटा, बोलणं नागपूरकडचं. शाळेच्या ओट्यावर पाटील खुर्ची टाकून बसले होते. दारात गाव उभं होतं. मंदाबाई अगदी पुढे उकिडवी बसली होती आणि मास्तरांकडे टक लावून पाहत होती. मास्तरांना त्या नजरेचा अर्थ कळत होता.

साहेबांनी वाचन घेतलं, पाढे घेतले, कविता घेतली. मग चष्मा पुसून म्हणाले, "आता भूमापन. सांगा पाहू, शेताचं क्षेत्रफळ कसं काढाल?"

अकरा पोरं एका दमात ओरडली, "चारी बाजूंनी दोर फिरवावा! हात मोजावे! बेरीज करावी!"

मास्तरांनी डोळे मिटले.

"वा!" साहेब म्हणाले. "शाब्बास! आठ शाळा तपासल्या मी, एका शाळेत उत्तर येईल तर शपथ. बसा, मुलांनो, बसा."

मास्तरांनी डोळे उघडले. साहेबांनी खिशातून टाक काढला होता आणि शेऱ्याची वही उघडली होती. साहेब आता लिहिणार होते. चार वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो शब्द टाकाच्या टोकाशी येऊन थांबला होता. तोंड मिटून बसायचं एवढंच काम होतं, आणि तोंड मिटून बसण्यात मास्तर काही कमी हुशार नव्हते. दारातून मंदाबाई डोळ्यांनीच सांगत होती, बसा. पाटील मिशीला पीळ भरत होते. पण पोरांकडे बघितलं आणि मास्तरांना राहवेना. ती इतक्या विश्वासाने बसली होती, जणू चुकीचं काही असूच शकत नाही. आपण त्यांना जे दिलं ते ती म्हातारपणापर्यंत जपून ठेवतील, हे मास्तरांना त्या क्षणी कळलं.

"साहेब," ते म्हणाले, "ते चूक आहे. मी चूक शिकवलं."

साहेबांचा टाक थांबला. मास्तरांनी दोराचं कडं जमिनीवर टाकलं, आत पहिलीचे मोजायचे चिंचोके भरले, आणि शामकलाने दाखवलं होतं तसंच कडं ओढून लांब केलं. चिंचोके गडगडत साहेबांच्या जोड्यापर्यंत गेले.

साहेबांनी चिंचोक्यांकडे पाहिलं. मग मास्तरांकडे पाहिलं. "मास्तर, हे चिंचोके मोजण्याचं गणित आहे. भूमापन नव्हे."

"साहेब, गुणाकार करायला पाहिजे. लांबी गुणिले..."

"बरं, चार हात लांब आणि चार हात रुंद. बाजूंची बेरीज किती?"

"सोळा."

"आणि तुमच्या गुणाकाराने?"

"सोळा. पण साहेब, तो योगायोग..."

"योगायोग!" साहेब हसले आणि ओट्यावरचे पाटीलही हसले. "गणितात योगायोग नसतो, मास्तर. बेरजेने उत्तर येत असताना मुलांना गुणाकाराच्या भानगडीत पाडायचं कशाला?"

"मास्तर, तुमी सायबापेक्षा शाने झाले का?" पाटलांनी विचारलं. मास्तर त्यांच्याकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "पाटील, तुमचं नुकसान झालं हो. तुमची बांधी मंदाबाईच्या पट्ट्याच्या सहापट होती!" पण पाटलांना आता सरकारी शिक्का मिळाला होता. ते उठून उभे राहिले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सायबानं सांगतलं, पट्टा मोठा हाये. पट्टा माझा हाये. कोनाले काई म्हनाचं हाये?"

कुणालाच काही म्हणायचं नव्हतं. मंदाबाईने हात जोडले, "नाई जी, सायबाच्या पुढं आमी काय बोलाव," आणि ती लगबगीने शेताकडे गेली.

साहेबांनी सावकाश शेरा लिहिला, वाळू टाकून वाळवला, वही मिटून मास्तरांच्या हातात दिली, आणि पाटलांकडे जेवायला गेले. मास्तरांनी वही उघडली. 'इयत्ता चौथीची भूमापनात तयारी उत्कृष्ट. मात्र शिक्षकाचे स्वतःचे विषयज्ञान कच्चे असून मुलांनी बरोबर सांगितलेले उत्तर शिक्षकाने चूक ठरविले. यांस एक वर्ष शिक्षकांच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षणास पाठवावे. तेथे भूमापनात उत्तीर्ण झाल्यास कायम करावे.'

घरी येऊन मास्तरांनी तो शेरा शामकलाला दोनदा वाचून दाखवला.

"चांगलंच झालं की जी," ती म्हणाली. "पास झाले की पक्के. आन तिथं कोनी तरी खरं शिकवनारा असन. पुस्तकालेबी उदई लागली नसन."

मास्तरांनाही बरं वाटलं. रात्री त्यांना कित्येक दिवसांनी झोप लागली. पुढच्या बाजाराच्या दिवशी गोरेगावहून नॉर्मल स्कूलचं पत्र आलं. त्यात हजर व्हायची तारीख होती, सोबत आणायच्या भांड्यांची यादी होती, आणि शिक्षकांची नावं होती. भूमापन शिकवायला नव्याने नेमणूक होऊन येत होते ते आपले डिप्टी साहेब. मुलांची इतकी उत्कृष्ट तयारी त्यांनी पाहिली, तेव्हाच त्यांना या विषयाची गोडी लागली होती असं म्हणतात.

मास्तर पत्र हातात धरून ओट्यावर बसले. शामकला त्यांच्याशेजारी येऊन टेकली.

"मंग आता परीक्षेत काय लिवाचं जी?"

"त्याइनं शिकवलेलंच लिवा लागन," मास्तर म्हणाले. "नाईतं मी जल्मभर कच्चाच."

"बरं, मी दाखवलं ते तुमी वरीसभर इसरून जा," ती म्हणाली. "पक्के होऊन या. आल्यावर मी पुन्हा दाखवीन."